कोल्न कॉन्सर्ट दुसऱ्यानं वाजवला तर ती चोरी? हे ठरवलं कुणी?

अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटच्या कोल्न कॉन्सर्टवरचा एक लांबलचक मराठी मेसेज सध्या फिरतोय, तुमच्याही एखाद्या ग्रुपवर येऊन गेला असेल. वर पियानोचा फोटो आणि खाली ‘मुलांना नक्की वाचायला द्या’. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९७५ साली जर्मनीतल्या कोल्न शहरात या पियानोवादकाला ऐन वेळी अर्ध्या पट्ट्या बंद पडलेला मोडका पियानो मिळाला. तो आयुष्यात पहिल्यांदाच एकटा स्टेजवर बसला आणि काहीही तयारी नसताना शून्यातून तासाभराचं संगीत उभं केलं. कार्यक्रम एका अठरा वर्षांच्या अननुभवी मुलीनं ठेवला होता. त्या रेकॉर्डच्या १० कोटी प्रती खपल्या. त्या संगीतातला एकही सूर कागदावर नाही, कारण ‘दिवंगत’ जॅरेटनं तो कधी लिहूच दिला नाही, त्यामुळे आज जे कोणी पियानोवादक ती मैफल पुन्हा वाजवतात ते सगळे नकलाकार आणि चोर. आपल्या शास्त्रीय संगीतातही म्हणे एकदा गायलेलं पुन्हा कुणी गात नाही. आणि शेवटी तात्पर्य, की साधन जितकं वाईट तितका कलाकार मोठा.

एरवी मी असले मेसेज वाचून पुढं जाते. पण माझी भाची पियानो शिकते आणि सध्या ती याच मैफलीतला शेवटचा तुकडा, पार्ट टू सी म्हणतात तो, क्लासच्या कार्यक्रमासाठी बसवतेय. भावजींनी हा मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘हे वाच आणि मग ठरव’. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना खरंच वाटलं की आपली मुलगी काहीतरी गैर करतेय. पण तिनं मला फोन करून विचारलं, ‘मावशी, मग मी दुसरं काहीतरी घेऊ का?’ आणि मला संताप आला. इतके महिने दोन्ही हात घासून, टेप ऐकून, बाईंच्या शिव्या खाऊन जे जमत आलंय ते एका निनावी मेसेजमुळं सोडायचं? तर एकेक मुद्दा घेते. काही मुद्द्यांना एक वाक्य पुरेल, काहींना नाही.

पहिला पियानोचा मुद्दा. अर्ध्या पट्ट्या बंद वगैरे काही नव्हतं. कोल्नच्या ऑपेरा हाऊसमध्ये २४ जानेवारी १९७५ ला रात्री साडेअकराला, म्हणजे त्या संध्याकाळचा ऑपेरा संपल्यावर, हा कार्यक्रम होता. जॅरेटनं बोझनडॉर्फर कंपनीचा मोठा इम्पीरियल पियानो मागितला होता आणि तिथल्या लोकांच्या गोंधळामुळं स्टेजवर आला त्याच कंपनीचा लहान बेबी ग्रँड, जो तालमींसाठी ठेवलेला होता. त्याची अवस्था वाईट होती हे खरं आहे. वरचे सूर पातळ आणि पत्र्यासारखे वाजत होते, खालच्या खर्जात जोर नव्हता, पेडल नीट काम करत नव्हतं. पियानो लावणाऱ्यांनी त्यावर बराच वेळ घालवून तो वाजवण्याजोगा केला. जॅरेट आधी नाही म्हणून निघाला होता हेही खरं. त्याला पाठीचा त्रास होता, पट्टा बांधलेला होता, स्वित्झर्लंडहून एका छोट्या रेनो गाडीतून तासन्‌तास प्रवास करून आलेला, झोप नाही. या सगळ्यात चमत्कार शोधण्यापेक्षा तो माणूस किती दमला असेल याचा विचार मला आधी येतो.

आता इथं एक गोष्ट मला कबूल करावी लागते, मनात नसलं तरी. पियानो वाईट होता म्हणून वाजवणं बदललं, यात तथ्य आहे. ती रेकॉर्ड ज्यानं काढली त्या इसीएम कंपनीचा मानफ्रेड आयशर स्वतः त्याच गाडीतून आला होता आणि त्यानंच पुढं म्हटलंय, की पियानो चांगला नव्हता म्हणूनच बहुधा जॅरेटनं तसं वाजवलं, त्या आवाजाच्या प्रेमात पडणं शक्य नव्हतं म्हणून त्यानं दुसरी वाट काढली. कानानंही ते कळतं. जॅरेट बराच वेळ मधल्या सप्तकांत राहतो, वरच्या टोकाकडं फारसा जात नाही, आणि डावा हात एकच आकृती पुन्हापुन्हा ठोकत राहतो म्हणजे खर्जाची उणीव भरून निघेल. पहिल्या भागात जवळजवळ बारा मिनिटं तो ए मायनर सेव्हन आणि जी मेजर या दोनच कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुड्यांमध्ये, फिरतो, कधी सैल, ताल सोडून, कधी एकदम चर्चमधल्या गॉस्पेलसारखा ठेक्यात. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला साधारण आठ मिनिटं डी मेजरचा एकच ठेका. हे सगळं मान्य आहे. पण ‘पियानोमुळं वाजवण्याची वाट बदलली’ आणि ‘पियानो वाईट होता म्हणून संगीत महान झालं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मेसेज लिहिणाऱ्यानं पहिलीवरून सरळ दुसरीवर उडी मारलीय.

कारण दुसरा मुद्दा बघा, ‘आयुष्यात पहिल्यांदाच एकटा’. हे साफ खोटं आहे. १९७३ सालीच जॅरेटच्या ब्रेमेन आणि लोझानच्या एकट्यानं केलेल्या, संपूर्ण उत्स्फूर्त मैफली रेकॉर्ड झाल्या होत्या आणि तीन एलपींचा संच म्हणून बाजारात आल्या होत्या. त्याआधी १९७१ मध्ये ऑस्लोला त्यानं एकट्या पियानोचा स्टुडिओ अल्बम केला होता. लहानपणापासून पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकलेला, सातव्या वर्षी जाहीर कार्यक्रम केलेला, नंतर आर्ट ब्लेकी, चार्ल्स लॉइड आणि माइल्स डेव्हिस या जॅझमधल्या बड्या लोकांच्या बँडमधून तावूनसुलाखून निघालेला माणूस होता तो. कोल्नला आला तेव्हा तो एका दौऱ्यात होता आणि रात्रीमागून रात्र हेच करत होता. ब्रेमेन-लोझान कुणीही आज ऐकू शकतं, डाव्या हाताचे ते ठेके, एकाच कॉर्डवर दहा दहा मिनिटं टिकून राहणं, हे सगळं तिथं आधीच आहे. म्हणजे वाईट पियानोनं हे त्याला शिकवलं नाही, त्याच्याकडं ते होतंच, त्या रात्री त्यानं त्याचाच जास्त आधार घेतला. वर्षानुवर्षांचा रियाज ‘तयारी नसताना’ या दोन शब्दांत पुसून टाकायचा आणि ते मुलांना प्रेरणा म्हणून वाचायला द्यायचं, याला काय म्हणायचं?

आणि ‘शून्यातून’ हा शब्द तर पहिल्या पाच सुरांतच पडतो. रेकॉर्ड लावा. पहिली जी सुरावट येते, जी डी सी जी ए, म्हणजे जीला सा धरला तर सा प म सा रे, ती त्या ऑपेरा हाऊसच्या घंटेची आहे, लोकांना आत जाऊन बसा म्हणून सांगणारी. प्रेक्षकांतल्या काहींनी ती ओळखली आणि हसले, ते हसू रेकॉर्डवर ऐकू येतं. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध उत्स्फूर्त मैफलीची सुरुवातच उसन्या सुरांनी झालीय, आणि त्यातून त्यानं जे पुढं काढलं ते बघून मी तरी दर वेळी थक्क होते. आणि शेवट? माझी भाची बसवतेय तो पार्ट टू सी, साधारण सात मिनिटांचा, लोकांनी पुन्हा बोलावल्यावर वाजवलेला, ती जॅरेटची आधीच रचलेली धून आहे, ‘मेमरीज ऑफ टुमॉरो’ या नावानं जॅझ वाजवणाऱ्यांना माहीत असलेली. म्हणजे मैफलीच्या एका टोकाला घंटा आणि दुसऱ्या टोकाला तयार रचना. मधलं सगळं उत्स्फूर्त आहे, आणि ते अफाट आहे, त्यात मला काडीचीही शंका नाही. पण ते आभाळातून पडलेलं नाही.

आता मुख्य मुद्द्याकडं येते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. ‘एकही सूर कागदावर नाही, जॅरेटनं लिहू दिला नाही, म्हणून जो वाजवेल तो चोर.’

संपूर्ण मैफलीचं नोटेशन छापलेलं आहे. शॉट या जर्मन प्रकाशन संस्थेनं, ज्या लोकांनी बेथोव्हेनची नववी सिम्फनी पहिल्यांदा छापली त्यांनी, १९९१ साली ते पुस्तक काढलं. जपानी जाणकारांनी रेकॉर्डवरून ऐकून सूर न्‌ सूर उतरवून काढला आणि जॅरेटनं संमती दिली. चोरून छापलेली प्रत नाही ही, अधिकृत आहे. बाजारात विकत मिळते, भाचीच्या बाईंकडं आहे, मी हातात घेऊन पाहिलीय. त्यात त्याची स्वतःची सूचना आहे, की ज्या कुणा पियानोवादकाला हे वाजवायचंय त्यानं रेकॉर्ड हाच अंतिम शब्द मानावा. ही सूचना पुन्हा वाचा. ज्याला कुणी वाजवूच नये असं वाटतं तो वाजवणाऱ्यासाठी सूचना लिहील का? ‘वाजवणार असाल तर कागदावर विसंबू नका, ऐका’ असं तो म्हणतोय. यापुढं खरं तर वादच संपायला हवा, बाकीचं काही वाचलं नाही तरी चालेल.

इथंही प्रामाणिकपणे सांगायचं तर मेसेजमध्ये अर्धं खरं आहे. जॅरेट पंधरा वर्षं नाही म्हणत होता. त्याचं म्हणणं असं, की हे संगीत एका रात्री सुचलं, ते जसं आलं तसंच निघून जायला हवं. आणि या अल्बमच्या प्रसिद्धीचा त्याला पुढं कंटाळाही आला होता. १९९२ च्या एका जर्मन मुलाखतीत त्यानं तक्रार केली होती, की ही रेकॉर्ड आता नुसती पार्श्वसंगीत होऊन बसलीय, आणि आपण संगीत विसरायलाही शिकलं पाहिजे. तर हो, त्याच्या मनात ओढाताण होती. पण शेवटी १९९० मध्ये तो हो म्हणाला, आणि ज्याची निर्मिती त्यानं हो म्हटल्यावर आपण कोण मधे पडून नाही म्हणणारे?

आणि पुढं लोकांनी वाजवलंच. पोलंडचा पियानोवादक टोमाश त्शिंस्की यानं २००६ मध्ये ‘ब्लू माउंटन्स’ या अल्बममध्ये कोल्न कॉन्सर्टचं आपलं वाचन रेकॉर्ड केलं. गिटारवादक मॅन्युएल बार्रुएकोनं यातला तुकडा चक्क गिटारसाठी बसवला, पियानोच्या दहा बोटांचं काम सहा तारांवर. हे दोघं चोर आहेत? चोरी लपवून करतात. इथं अल्बमवर जॅरेटचं नाव आहे, हक्काचे पैसे जातात, आणि ऐकणाऱ्याला माहीत असतं मूळ कुठलं ते.

‘पण मग त्यात वाजवणाऱ्याचं काय उरलं, नुसती नक्कल ना?’ हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचं उत्तर द्यायला मला आवडेल, कारण मेसेज लिहिणाऱ्यानं हा प्रश्न विचारलाच नाही, थेट शिवी दिली. नोटेशन समोर ठेवून बसलं की पहिल्याच पानावर अडचण येते. कागदावर सूर आहेत, त्यांची लांबी आहे, पण जॅरेट जिथं ताल सोडून वाहतो तिथं ती लांबी म्हणजे निव्वळ अंदाज असतो. तो वाजवताना जे कण्हतो, गुणगुणतो, पाय आपटतो, ते कागदावर येत नाही आणि ते तसंच्या तसं करणं हास्यास्पद दिसेल, पण त्यातून येणारा ताण तर हवा, मग तो बोटांतून कसा आणायचा? ते बारा मिनिटांचे दोन कॉर्ड, जॅरेटला पुढचा सूर माहीत नव्हता म्हणून तो थांबत होता, चाचपडत होता, सापडला की त्यावर तुटून पडत होता. दुसऱ्याला पुढचा सूर माहीत आहे. माहीत असूनही तो आत्ताच सापडला असं वाजवायचं, हे किती अवघड आहे याची कल्पना करा. नुसतं अचूक वाजवलं तर त्या बारा मिनिटांत ऐकणारा झोपेल.

आणि पियानोचा प्रश्न पुन्हा येतोच, उलट्या बाजूनं. समजा आज एखाद्या वादकाच्या पुढ्यात उत्तम, भरघोस खर्जाचा पियानो आहे. जॅरेट डावा हात ठोकत होता कारण त्या पियानोला खर्ज नव्हता. आता तितकंच ठोकलं तर कान फाटतील. मग काय, हलकं वाजवायचं? मग तो हट्टी, खाली पाय रोवून उभा असलेला ठेका नाहीसा होणार. वरचे सूर आता काचेसारखे स्वच्छ वाजतात, तर जॅरेटनं टाळलेल्या जागा आपण घ्यायच्या का? यातला प्रत्येक निर्णय वाजवणाऱ्याचा स्वतःचा असतो. माझी भाची सात मिनिटांत असे किती निर्णय घेते ते मी ऐकलंय. एक ओळ ती जॅरेटपेक्षा सावकाश घेते, बाईंनी दोनदा टोकलं तरी, आणि मला ती तिथं पटते.

शिवाय याच गोष्टीनं मेसेजमधला पियानोचा चमत्कार निकालात निघतो, हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही? हे संगीत त्या मोडक्या पियानोची करामत असतं तर चांगल्या पियानोवर, दुसऱ्याच्या हातात, गिटारवर, ते कोसळलं असतं. ते उभं राहतं. म्हणजे ते रचनेतच आहे, त्या सुरावटींत, त्या कॉर्डच्या चालीत, किती वेळ थांबायचं आणि कधी मोडायचं या अंदाजात. जॅरेटनं जे त्या क्षणी केलं ती उत्तम रचनाच होती, फक्त लिहिली नव्हती, आणि हे सिद्ध करायचा मार्ग एकच आहे, दुसऱ्या कुणीतरी ती वाजवणं. मेसेजवाल्याला जॅरेट मोठा करायचा होता ना? मग वाजवणाऱ्यांना चोर म्हणून त्यानं जॅरेटलाच लहान केलंय.

आणि हे काही कोल्नपुरतं नाही. जॅझमध्ये दुसऱ्याची उत्स्फूर्त वादनं शिकणं, उतरवणं, वाजवणं ही रोजची गोष्ट आहे. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचे सोलो, म्हणजे एकट्यानं उत्स्फूर्त वाजवलेले तुकडे, पाच सॅक्सोफोनसाठी बसवून वाजवणारा सुपरसॅक्स नावाचा ग्रुप सत्तरच्या दशकात होता आणि त्यांना ग्रॅमी मिळालं. जेम्स मूडीच्या सॅक्सोफोनच्या सोलोवर शब्द बसवून झालेलं गाणं आजही गायक गातात. फ्रेंच पियानोवादक जाँ-इव्ह तिबोदे, जो एरवी रावेल आणि दब्युसी वाजवतो, त्यानं १९९७ मध्ये जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या वादनाच्या नोटेशनवरून आख्खा अल्बम केला. आणि थोडं मागं गेलं तर १७४७ साली बाख प्रशियाचा राजा फ्रेडरिककडं पॉट्सडॅमला गेला, राजानं दिलेल्या सुरावटीवर तिथल्या तिथं वाजवून दाखवलं आणि घरी येऊन त्यावरून रचना लिहून काढल्या, त्या आज सगळे वाजवतात. बाखला कुणी मेसेज पाठवला नव्हता की महाराज, ते त्या रात्रीपुरतंच होतं.

जॅरेट स्वतः काय करत होता तेही बघा. त्यानं बाखचं ‘वेल टेम्पर्ड क्लॅव्हिअर’ दोन्ही खंड रेकॉर्ड केले, गोल्डबर्ग व्हेरिएशन्स केले, शोस्ताकोविचचे चोवीस प्रील्यूड आणि फ्यूग केले, सगळं कागदावरून. आणि गॅरी पीकॉक व जॅक डिजॉनेट यांच्याबरोबरच्या ट्रिओत तीस वर्षं दुसऱ्यांचीच जुनी गाणी वाजवली. हा माणूस दुसऱ्याचं वाजवणं कमीपणाचं मानत होता असं कोण म्हणेल?

‘आपल्या शास्त्रीय संगीतात एकदा गायलेलं पुन्हा गात नाहीत’, हे वाक्य वाचून तर मी फोन खाली ठेवला. ज्यानं लिहिलं तो कधी कुठल्या गुरूसमोर बसला नसावा. तालीम म्हणजे गुरूनं घेतलेली जागा जशीच्या तशी गळ्यात बसेपर्यंत पुन्हापुन्हा घेणं, आपलं काही सुचणं फार पुढची गोष्ट. भीमसेनजींनी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि गाणं शिकायला घर सोडलं, ही गोष्ट महाराष्ट्रात पोराटोरांना ठाऊक आहे. पुढं खाँसाहेबांच्याच रेकॉर्डमुळं घराघरांत गेलेली जोगियातली ‘पिया के मिलन की आस’ भीमसेनजी आयुष्यभर गायले आणि लोक त्यासाठी पहाटेपर्यंत बसून राहायचे. कुणी म्हटलं का, की पंडितजी, हे खाँसाहेबांचं झालं, तुम्ही दुसरं काहीतरी घ्या? आणि नाट्यसंगीताचं काय? बालगंधर्वांच्या रेकॉर्डमधल्या ताना, हरकती, श्वास घेण्याच्या जागासुद्धा आजचे गायक उचलतात, आणि श्रोत्यांना ती जागा आली नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. तीन साडेतीन मिनिटांच्या तबकडीत त्या दिवशी जे सुचलं ते पिढ्यांचं पाठांतर झालं. तेव्हा आपल्या परंपरेचं नाव घेऊन मुलीला गप्प बसवायचं असेल तर आधी ती परंपरा नीट ऐकावी ही विनंती.

तात्पर्याबद्दल. ‘साधन वाईट तितका कलाकार मोठा.’ हे विषारी आहे, आणि याचा फटका आपल्याकडच्या मुलांनाच जास्त बसतो, कारण आपल्याकडं चांगला पियानो असतोच किती जणांकडं? बहुतेक जण छोट्या कीबोर्डवर शिकतात, पट्ट्या हलक्या, पेडल नाही. त्यांना हा मेसेज दाखवून ‘बघ, जॅरेटनं मोडक्यावर केलं, तू कशाला रडतेस’ असं ऐकवायचं? जॅरेटला तो पियानो नको होता. तो उत्तम पियानोसाठी भांडणारा माणूस होता, आयुष्यभर, खोकणाऱ्या प्रेक्षकांवरही चिडणारा. त्या रात्री त्यानं वाजवलं कारण तिकिटं विकली गेली होती, माइक लागलेले होते आणि ती मुलगी विनवत होती. हलक्या कीबोर्डवर बोटांत ताकद येत नाही, मनगट चुकीचं वळतं, आणि पुढं खऱ्या पियानोवर बसल्यावर सगळं पुन्हा शिकावं लागतं, हे कुठल्याही पियानोच्या बाईंना विचारा.

बाकीचं पटकन. ती ‘अननुभवी मुलगी’ म्हणजे व्हेरा ब्रांडेस. अठरा वर्षांची होती हे खरं, पण अननुभवी नव्हती, त्याच्या आधीपासून ती जॅझचे कार्यक्रम आणि दौरे ठरवत होती आणि चौदाशेच्या आसपास माणसं मावणारं ऑपेरा हाऊस त्या रात्री भरलं होतं, तेही साडेअकराला, जानेवारीच्या पावसात. मेसेजमध्ये तिचं नावसुद्धा नाही. आणि १० कोटी प्रती हा आकडा कुठून आणला देव जाणे. साधारण ३५ ते ४० लाख सांगतात, आणि एकट्या पियानोच्या रेकॉर्डसाठी तेवढंही प्रचंड आहे, त्याला आणखी शून्य जोडायची गरज नव्हती.

राहिला तो ‘दिवंगत’ शब्द. कीथ जॅरेट हयात आहे. १९४५ चा जन्म, म्हणजे ऐंशी पार. २०१८ मध्ये त्याला लागोपाठ दोन वेळा पक्षाघाताचे झटके आले आणि डाव्या बाजूवर परिणाम झाला. हे त्यानं २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला स्वतः सांगितलं, आणि पुन्हा दोन्ही हातांनी मैफल करणं जमेल असं दिसत नाही हेही सांगितलं. डावा हात, म्हणजे कोल्नमध्ये ज्यानं ते ठेके तासभर उचलून धरले तो. मूळ माणूस आता हे वाजवू शकत नाही आणि इथं आपण बाकीच्यांनीही वाजवू नये म्हणून मेसेज फिरवतोय. मी हे सगळं भावजींना पाठवलंय आणि भाचीला सांगितलंय की कार्यक्रमाच्या पत्रिकेवर ‘कीथ जॅरेट, कोल्न, १९७५’ असं स्पष्ट लिही आणि तिसऱ्या मिनिटाला डावा हात घाई करतो तेवढं बघ. ज्यांच्याकडं तो मेसेज आलाय त्यांनी तो पुढं पाठवू नये, आणि पाठवायचाच असेल तर निदान एका जिवंत माणसाला मारणारा तो शब्द तरी खोडून पाठवावा.